खरी कीर्ती

कीर्ती म्हणजे केवळ सर्वतोमुखी असलेले नाव नव्हे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. त्यांना ६१७४ या संख्येचा विलक्षण गुण आढळला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांनी होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी. उत्तर तीन अंकी आल्यास आरंभी शून्य मांडावे व तीच कृती पुनः पुनः करावी. फार तर सात वेळांत ६१७४ हीच संख्या हाती येते! वाटेने जाणाऱ्या माणसास कापरेकरांचे नाव ठाऊक नसेल. परंतु जगभरचे गणिती ही संख्या त्यांच्याच नावाने ओळखतात. जाणकारांनी दिलेला असा मान टाळ्यांच्या कडकडाटाहून मोलाचा होय. तो मागितल्याने मिळत नाही, कामानेच मिळवावा लागतो.