गोधडीचे वजन आणि चंचल मुलाची झोप



रात्री दहाला घरातली सगळी माणसे आडवी होतात, पण एक पोर जागेच असते. कूस बदलते, पाय हलवते, पाण्याला उठते, शेजारी झोपलेल्या भावाला डिवचते. बारा वाजून जातात. सकाळी तेच पोर उठता उठत नाही. शाळेत एक तर पेंगते, नाहीतर सगळा वर्ग डोक्यावर घेते. आईबापांना पहाटे शेतात किंवा जिनिंगमध्ये कामाला जायचे असते. त्यांची झोपमोड झाली की त्यांचाही हात उठतो. शेजारीपाजारी म्हणतात, "पोरगं वांड आहे." एखादी म्हातारी सुचवते, "बाहेरचं काही असेल, भगताला दाखवा."

मुलगा वांड नसतो आणि बाहेरचेही काही नसते. अशा काही मुलांना डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात तो त्रास असतो. मराठीत आपण त्याला अतिचंचलता म्हणू. लक्ष एका जागी टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, विचार करण्याआधीच कृती होऊन जाते. ही मेंदूच्या वाढीशी निगडित जन्मजात ठेवण आहे. आईच्या लाडाने किंवा बापाच्या गरिबीने ती येत नाही. मुलींमध्येही ती असते, पण मुली गडबड न करता नुसत्या हरवल्यासारख्या बसतात म्हणून लवकर ध्यानात येत नाही. कित्येकांची चंचलता मोठेपणीही राहते. अशा पुष्कळ लोकांच्या शरीरातले झोपेचे घड्याळच उशिरा चालते. अंथरुणावर पडल्यावर त्यांचे अंग थकलेले असते, पण मन पळतच असते.

परदेशात अशा लोकांसाठी वजनदार पांघरुणे निघाली आहेत. आत काचेचे मणी किंवा धातूच्या साखळ्या शिवलेल्या असतात. अंगभर सारखा दाब पडला की शरीर निवते, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन या स्वमग्नता असलेल्या बाईंनी तरुणपणी गुरांना लस देताना पाहिले. दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या चौकटीत उभे केले की बिथरलेले जनावर शांत होते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी स्वतःसाठी तसेच यंत्र बनवले. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या.

पण कल्पना चांगली असली तरी ती तपासून पाहिली पाहिजे. २०२० साली स्वीडनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निद्रानाश आणि त्याच्या जोडीला नैराश्य, चिंता किंवा अतिचंचलता असलेल्या १२० प्रौढांना चार आठवडे पांघरुणे दिली. काहींना सहा ते आठ किलोची, काहींना दीड किलोची. जड पांघरूण घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा निद्रानाश बराच कमी झाला, हलके घेणाऱ्यांत मात्र फारच थोड्यांचा. अर्थात आपले पांघरूण जड आहे की हलके, हे प्रत्येकाला कळतच होते, त्यामुळे मनाच्या समजुतीचाही त्यात वाटा असणार. पुढे स्वीडनमध्येच अतिचंचल असलेल्या ९४ मुलांवर प्रयोग झाला. तेथे रात्रीची झोप सरासरी आठ-एक मिनिटांनीच वाढली. म्हणजे फायदा आहे, पण थोडा. कुणाला जास्त होईल, कुणाला मुळीच होणार नाही.

बाजारात ही पांघरुणे हजारो रुपयांना मिळतात. आपल्या घरात मात्र पेटीवर गोधड्यांची चळत आहे. जुनी लुगडी, धोतरे, फाटके सदरे एकावर एक अंथरून आपल्या आयाबायांनी टाके घातलेले. भगवंतांच्या भिक्खूंचे चीवरही टाकून दिलेल्या चिंध्या जोडून शिवलेले असे. चिंध्या जोडण्याची लाज आपण कशाला बाळगायची? विकतचे पांघरूण आणण्याआधी घरातली गोधडी वापरून पाहावी.

ती कशी वापरावी? आधी ती वाण्याच्या काट्यावर तोलावी. साधारणपणे अंगाच्या वजनाचा दहावा हिस्सा असा अंदाज धरतात. वीस किलोच्या मुलाला दोन किलो, पन्नास किलोच्या माणसाला पाच. हा ढोबळ अंदाज आहे, नियम नव्हे. वजन कमी भरले तर जुन्या लुगड्याचा एक थर वाढवावा. तांदूळ, वाळू, खडे भरू नयेत. धान्याला उंदीर-किडे लागतात, आणि खडे एका कोपऱ्यात गोळा होऊन दाब सारखा पडत नाही. मुलाला विचारून, त्याच्या खुशीने सुरुवात करावी. पंधरा दिवस वहीत रोज लिहावे: किती वाजता पडले, किती वाजता झोप लागली, सकाळी कसे उठले. फरक दिसला तर चालू ठेवावे, नाही दिसला तर गोधडी पेटीत ठेवून द्यावी.

स्वीडन थंड देश आहे आणि आपला खान्देश तापणारा. वैशाखात माणूस अंगणात, धाब्यावर उघड्यावर झोपतो. तेव्हा अंगावर जड गोधडी घालणे हा छळच होय. गोधडीचे दिवस दिवाळीनंतर होळीपर्यंत. उन्हाळ्यात आईने निजण्यापूर्वी हात-पाय सावकाश चेपून द्यावेत, तळवे दाबावेत. हाही दाबच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

आता धोक्याचे ऐका. आपल्या घरात एकाच खोलीत रांगेने सगळे झोपतात. तान्ह्या बाळाच्या शेजारी जड गोधडी कधीही नको. ती सरकून बाळाच्या तोंडावर आली तर बाळ ती दूर करू शकत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली तान्ह्यांसाठी वजनदार पांघरूण वापरू नये असे स्पष्ट सांगितले आहे. लहान मुलांनाही ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. ज्याला स्वतःच्या हाताने गोधडी दूर करता येते त्यालाच ती द्यावी. डोके आणि तोंड नेहमी मोकळे राहावे. दमा, फिट किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि शिक्षा म्हणून मुलाला गोधडीत गुंडाळून कधीही दाबू नये. २००८ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात नऊ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा शाळेत वजनदार पांघरुणात गुंडाळल्यामुळे दगावला. हे विसरू नये.

नुसती गोधडी सगळे काम करणार नाही. झोपण्याची वेळ रोज एकच ठेवा. निजण्यापूर्वी तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद. आपल्याकडे पोरांनाही संध्याकाळी कपभर चहा मिळतो, तो आधी थांबवा. मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर टॉन्सिल दाखवा. पाय फार वळवळत असतील तर रक्तातले लोह तपासा, कारण लोहाच्या कमतरतेनेही पाय स्वस्थ राहत नाहीत. अतिचंचलतेच्या काही गोळ्या उशिरा घेतल्या तर झोप उडते. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारा, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

दाखवायचे कुठे? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते, आणि तिच्या यादीत अतिचंचलताही आहे. पथक आले की आईने स्वतः जाऊन सांगावे, संकोच करू नये. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

भगताकडे मात्र जाऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शाळेत मारणे आणि अपमान करणे यालाही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. वस्तीतली किती तरी हुशार पोरे "याचं डोकं चालत नाही" हा शिक्का बसून सातवी-आठवीतच शाळा सोडतात आणि बापाच्या बरोबर मजुरीला लागतात. त्यांच्यात काही अतिचंचल असतील. त्यांना पुरेशी झोप, थोडी समजूत आणि वेळेवर उपचार मिळाले असते तर ती पुढे शिकली असती. बाबासाहेबांनी ज्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, ते आपल्या घरातल्या पोराच्या हातून असे निसटू देणार का?

कालामांना भगवंतांनी सांगितले होते की परंपरा आहे म्हणून किंवा कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. भगताचा अंगारा, परदेशी पांघरूण आणि आमचा हा लेखही त्याच कसोटीवर घासून पाहा. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की आयाबायांनी चार मिनिटे थांबून एकमेकींच्या पोरांच्या झोपेची विचारपूस करावी. ज्या घरी जड गोधडी पडून आहे तिने ती गरज असलेल्या घरी पंधरा दिवस द्यावी, आणि पथक शाळेत कधी येणार याची चौकशी कुणी तरी एकीने करून सगळ्यांना सांगावे.

जयभीम! नमो बुद्धाय!