आत येणारं पाणी, बाहेर जाणारं पाणी : नळकारागिरांचा जाहीरनामा

तुमच्या घराच्या भिंतीत काय आहे ते आम्हाला माहीत आहे. गरम पाण्याची लाइन कुठून गेली, नहाणी ट्रॅप किती खोल बसवला, स्लॅबखालच्या ड्रेनेजला उतार आहे की नाही, टाइलच्या मागे कोणत्या सांध्यावर नुसता सिमेंटचा लेप आहे. हे सगळं आमच्या हातांनी केलेलं असतं, नाहीतर दुसऱ्यानं केलेलं आम्ही निस्तरलेलं असतं. तुमच्या फोनमध्ये मात्र आमचं नाव ‘प्लंबर’ एवढंच असतं.

आज ११ मार्च. २०१० पासून हा दिवस जगभर प्लंबिंग दिन म्हणून पाळतात. आजच्या दिवशी आम्ही पुणे परिसरातले नळकारागीर एकत्र येऊन जाहीर करतो, की पाणी घरात आणणं आणि मैलापाणी घराबाहेर नेणं ही एकच विद्या आहे. या विद्येचे दोन तुकडे केले गेले. नळ बसवणाऱ्याला चहा मिळाला, गटाराचं चेंबर उघडणाऱ्याला मागच्या दारानं यायला सांगितलं. ते तुकडे सांधायला आम्ही निघालो आहोत.

बारा बलुतेदारांत नळवाला नव्हता. गावगाड्यात पाणी भरणारा वेगळा आणि घाण उचलणारा वेगळा, आणि दोघांच्या मध्ये जातीची भिंत. नळ आला तो या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी. मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं पोचलं. त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, मलिक अंबरनं औरंगाबादेत नहर-ए-अंबरी खेळवली. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुणे शहरात बंदिस्त नळानं पाणी आणलं, आणि वाटेत हवा व दाब मोकळा व्हावा म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. आज आम्ही गच्चीवर जो व्हेंट पाइप काढतो त्याचं कामही हवा मोकळी करण्याचंच आहे. उच्छ्वास हा शब्द आमच्या धंद्यात परत यावा असं आम्हाला फार वाटतं.

नळवाला बलुत्यात नव्हता, म्हणजे आमचा धंदा कुणा एका जातीचा नाही. ते आमचं भाग्य आहे आणि तोटाही आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत : सुतार, गवंडी, कुलूप करणारा, मासेमारीची जाळी विणणारा. नळकारागीर त्यात नाही. ही योजना परंपरागत हातव्यवसायांसाठी आहे, आणि आम्हाला परंपरेत कुणी धरलेलं नाही. पिढीजात नसलेल्या हातालाही कारागीर म्हणा, ही आमची सरकारकडे पहिली मागणी.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते बाहेरच्यांना कधी कुणी सांगितलंच नाही. म्हणून थोडं सविस्तर.

पोरगा हेल्पर म्हणून येतो. पहिलं वर्ष छिन्नी-हातोडी घेऊन भिंतीत झिरी मारण्यात आणि सामानाची पिशवी पाच मजले वाहण्यात जातं. जुने उस्ताद जीआय पाइपला डायनं आटे पाडायचे, सुतळी आणि सफेदा लावून सांधा आवळायचे. बिडाच्या पाइपाच्या सांध्यात वितळलेलं शिसं ओतायचे. प्लंबर हा शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून आला आहे. त्या शिशाच्या धुरात त्यांची तब्येत गेली, त्याबद्दल कुणी त्यांना विचारलं नाही. आता सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप आले. सोल्युशन लावलं की दोन तुकडे क्षणात जुळतात, त्यामुळे हे काम कुणालाही येतं असा समज झाला. जुळणं क्षणाचं असतं, पण सांधा पिकायला वेळ द्यावा लागतो. लाइन भरून, टेस्ट पंपानं दाब देऊन, दाबाच्या घड्याळाचा काटा रात्रभर खाली येत नाही ना हे पाहावं लागतं. ते न पाहता टाइल लावली की दोन वर्षांनी खालच्या मजल्याच्या छताला ओल येते आणि दोन घरांत भांडण लागतं.

दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक किलोचा दाब असतो. वरच्या मजल्यावरच्या शॉवरला पाणी का येत नाही, याचं उत्तर या एका वाक्यात आहे : टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर, म्हणजे दाब एक तृतीयांशाहूनही कमी. ग्राहक शॉवर बदलत राहतो, दुकानदार विकत राहतो. चार इंची ड्रेनेजला चाळीस फुटांमागे साधारण एक फूट उतार हवा. कमी दिला तर मैला बसतो, भलताच जास्त दिला तर पाणी पळून जातं आणि मैला मागे राहतो.

हा जाहीरनामा लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून एक माझंही सांगतो. हेल्परचा कारागीर झालो त्या वर्षी मी एका घरात कमोडच्या पाइपाचं अंतर विटेपासून मोजलं. नऊ इंच बरोबर आलं. नंतर भिंतीवर प्लास्टर चढलं, टाइल चढली, आणि कमोड बसेना. अंतर तयार भिंतीपासून मोजायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवी फरशी फोडावी लागली. घरमालकांनी त्यांच्या मुलांसमोर मला जे ऐकवलं ते अजून विसरलो नाही. पण चूक माझी होती. आणि त्याहून मोठी चूक अशी, की एका तरण्या पोराला कागदावरचा नकाशा वाचायला न शिकवता त्याच्या हातात दुसऱ्याचं घर दिलं गेलं. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. आमच्यातले बहुतेक तिथे कधी गेले नाहीत, आणि जे गेले त्यांना साइटवर पुन्हा पिशवीच उचलावी लागली. आम्ही दोन्ही जोडू. प्रत्येक जुना कारागीर दर वर्षी एक शिकाऊ घेईल, त्याला पगार देईल, आणि माप, उतार, दाब, नकाशा या चार गोष्टी त्याला येईपर्यंत एकट्याला कामावर सोडणार नाही.

आता बाहेर जाणाऱ्या पाण्याबद्दल.

न्हाणीघराच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्याच्या बाकात दोन इंच पाणी कायम उभं राहतं. ते दोन इंच पाणी म्हणजे तुमचं घर आणि गावाचं गटार यांच्यामधलं दार. पाणी सुकलं की दार उघडं. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ पसरली आणि ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली. तपासात दिसलं, की न्हाणीघरांतल्या जमिनीवरच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं होतं आणि एक्झॉस्ट पंख्यानं मैलापाइपातली हवा घरात ओढली जात होती. मोठमोठ्या इस्पितळांचं शहर ते, आणि रोग शिरला दोन इंच पाणी नव्हतं तिथून. इतकं दूर जायलाही नको. २०२५ च्या जानेवारीत आपल्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलियन-बॅरे या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले, माणसांचे हातपाय लुळे पडले, आणि संशयाचं बोट पाण्याकडे वळलं. त्या आठवड्यांत आमच्यातल्या कित्येकांनी लोकांच्या टाक्या तपासल्या, गळके सांधे शोधले.

आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. पुरवठा थांबला की लाइनमध्ये दाब उरत नाही, आणि पाइप गटाराजवळून जात असेल, सांधा गळका असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. थेट नळाला मोटर लावली तर ती नुसतं शेजाऱ्याचं पाणी ओढत नाही, जमिनीतलंही ओढते. या मोटरी आम्हीच बसवल्या आहेत. ग्राहकानं हट्ट धरला, पाचशे रुपये जास्त दिले, आम्ही बसवल्या. चेंबरच्या आतून पिण्याच्या पाण्याची लाइनही आम्हीच नेली आहे, कारण फरशी फोडायचा खर्च वाचत होता. आजपासून हे बंद. आमच्यापैकी जो कुणी हे काम घेईल त्याला आमच्यात जागा नाही, मग तो कितीही जुना असो.

आणखी एक गोष्ट आम्ही सोडतो आहोत, आणि ती सोडताना घराचा खर्च डोळ्यांसमोर येतो. हार्डवेअरच्या दुकानातून मिळणारं कमिशन. ग्राहकाला अमुक कंपनीचा नळ घ्या म्हणायचं आणि संध्याकाळी दुकानदाराकडून कट घ्यायचा, हे आम्ही वर्षानुवर्षं केलं, कारण आमच्या मजुरीत कुणी पूर्ण पैसे दिले नाहीत. त्याऐवजी आम्ही बघायला येण्याचे पैसे घेऊ. गळती शोधणं हेच निम्मं काम असतं. वायसर दोन मिनिटांत बदलला म्हणून दोन मिनिटांचे पैसे देऊ नका. कोणता वायसर गेलाय हे कळायला आम्हाला पंधरा वर्षं लागली. बदल्यात प्रत्येक कामाचं लेखी बिल मिळेल, सांध्यांची एक वर्षाची हमी मिळेल, आणि भिंत बंद करण्याआधी आतल्या लाइनचे फोटो मोजपट्टीसकट तुमच्या हातात असतील, म्हणजे पुढे कुणी खिळा ठोकताना पाइप फोडणार नाही.

सेप्टिक टँकबद्दल आम्हाला वाद घालायचा नाही. आमच्यातला कुणीही, कोणत्याही पैशाला, टाकीत किंवा मॅनहोलमध्ये उतरणार नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, वाढला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. उतरलेला माणूस कोसळतो, त्याला ओढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातमीत तिघांची नावं एका ओळीत येतात. २०१३ च्या कायद्यानं अशा धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवण्यावर बंदी आहे. ही बंदी महापालिकेला आहे तशी हाउसिंग सोसायटीलाही आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यायला सांगितलं. आधी ही रक्कम १० लाख होती. सोसायटीच्या अध्यक्षांनो, सचिवांनो, सक्शनची गाडी मागवा. ती महाग पडते म्हणून तुम्ही आम्हाला फोन करता, आणि आम्ही नाही म्हटलं की दुसऱ्या वस्तीतल्या, दुसऱ्या जातीच्या माणसाला करता. यापुढे आम्ही नाही म्हणून थांबणार नाही. ज्याला बोलावलंत त्याच्यासोबत येऊन टाकीच्या तोंडाशी उभे राहू.

ज्यांना आजवर ‘ड्रेनेजवाला’ म्हणून आमच्या कामापासून वेगळं ठेवलं, ते भाऊ आजपासून आमच्यात बरोबरीनं आहेत. आम्ही त्यांना लाइन टाकायला शिकवू. जमिनीखालचं गटार त्यांना आमच्याहून जास्त कळतं, ते आम्ही त्यांच्याकडून शिकू. डबा एकत्र खाऊ.

भाषेची अट आमच्याकडे नाही. देशातल्या मोठ्या शहरांत नळाचं काम करणारे कितीतरी कारागीर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातून येतात. तिथे पट्टमुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. एक जिल्हा एका हुन्नरावर इतका उभा राहतो, ही आमच्या दृष्टीनं मत्सराची गोष्ट नाही. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या एखाद्या तालुक्यात असं का होऊ नये? २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झालं तेव्हा देशात ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता; आता १५ कोटींहून अधिक घरांत जोडणी झाल्याचं सरकार सांगतं. या नळांचे वायसर झिजणार, व्हॉल्व्ह अडकणार, सांधे सुटणार. प्रत्येक गावाला त्याचा स्वतःचा नळकारागीर हवा. ती मुलगी असली तर अधिकच चांगलं. सकाळी अकरा वाजता घरात एकटी असलेली बाई दार उघडताना बिचकते, हे आम्ही रोज पाहतो.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्यातून कल्याणकारी मंडळ उभं राहिलं, बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर गोळा होऊ लागला. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या घरात काम करणाऱ्याला तो कुणी द्यायचा? आमची लेखी बिलं हाच दाखला माना. महापालिकेच्या परवान्यातही सही एकाची आणि हात दुसऱ्याचा असं चालू देऊ नका. परीक्षा घ्या, हातांची घ्या, मराठीत घ्या, आणि जो उत्तीर्ण होईल त्याच्या नावावर परवाना द्या. उंच इमारतीच्या डक्टमध्ये उतरायचं असेल तर हार्नेस सोसायटीनं द्यायचा. आमच्यातला एकजण पाइपाला धरून चौथ्या मजल्यापर्यंत गेला होता. तो आता चालत नाही. त्याचा हेल्पर आज इथे सही करायला आला आहे.

पहिलं काम ठरलं आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपापल्या वॉर्डातली एक महापालिकेची शाळा घ्यायची, मुख्याध्यापकांची परवानगी आधीच काढायची. मुलींच्या स्वच्छतागृहापासून सुरुवात करायची : फ्लश चालतो का, ट्रॅपमध्ये पाणी आहे का, पिण्याच्या टाकीला झाकण आहे का, ती लाइन चेंबरमधून तर गेली नाही ना. जे त्याच दिवशी होईल ते करायचं, उरेल ते लिहून, फोटो जोडून वॉर्ड ऑफिसला द्यायचं. येताना पाइप पाना, टेफलॉन टेप, अर्धा इंची नळाचे वायसर आणि दोन बॉल कॉक आणा. हातमोजे विसरू नका.