विसण

आमच्या सांगलीच्या घरी तांब्याचा बंब होता. आजी पहाटे उठून पेटवायची. त्यातलं पाणी कढत असायचं, पण आम्हा पोरांना त्याची भीती कधी वाटली नाही. कारण पाणी आधी बादलीत यायचं, मग त्यात विसण पडायचं, मग आजी स्वतः हात घालून ढवळायची आणि मगच पहिला तांब्या अंगावर. "विसण घेतलंस का गं?" हे न्हाणीघराच्या दारातून रोज ऐकू यायचंच.

इतक्या वर्षांनी हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आईचा डावा पाय.

(नातेवाईक मंडळींनी आधीच सांगते, काळजी करू नका. पाय आता छान आहे. आई रोज फिरायला जाते आणि मलाही नेते.)

गेल्या सप्टेंबरात आई इकडे अमेरिकेत आली होती, तेव्हा आम्ही ट्रेलर घेऊन यलोस्टोनला गेलो. ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं छोटं घर. ओटा, पलंग, संडास, शॉवर, सगळं त्यात. शॉवरची जागा एसटीतल्या दोन सिटांएवढी. दिवसभर आम्ही उकळते झरे बघत हिंडलो. तिथे पावलोपावली पाट्या आहेत, लाकडी वाट सोडू नका म्हणून. त्या झऱ्यांच्या पाण्याने भाजून आजवर वीसहून जास्त माणसं गेली आहेत. आई प्रत्येक पाटी मला वाचायला लावून माझ्या मुलाचा हात घट्ट धरत होती.

आणि संध्याकाळी भाजलं ते आमच्याच शॉवरखाली.

झालं असं, की आई पाय धूत होती. नळाला दोन चाव्या, एक गरम, एक गार. तिने दोन्ही नीट जुळवून घेतल्या होत्या. त्याच वेळी मी ओट्यावर तांदूळ धुवायला गार पाण्याचा नळ पूर्ण सोडला. ट्रेलरमधले पाइप बारीक, पंप छोटा. माझ्याकडे गार पाणी आलं तसं तिकडचं कमी झालं, आणि तिच्या पायावर जवळजवळ नुसतं गरम पाणी पडू लागलं. दुसरं कोणी असतं तर ओरडून बाजूला झालं असतं. आईला वीस वर्षांचा डायबेटिस आहे, पावलांना फारसं जाणवत नाही. तिला कळलं ते वाफ दिसली तेव्हा. वीस मिनिटं थंड वाहत्या पाण्याखाली पाय धरला, मग डॉक्टरकडे नेलं. फोड आले होते. जखम भरायला दीड महिना लागला. डायबेटिसच्या पायाला दीड महिना जखम म्हणजे काय धाकधूक असते, ते ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको.

घरी आल्यावर मी स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन नळाचं पाणी मोजलं. ६० डिग्री सेल्सिअस! इकडच्या भाषेत १४० फॅरनहाइट. एवढ्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत चांगलीच भाजते. लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना तेवढाही वेळ लागत नाही. तेच पाणी ४९ डिग्री असेल तर तेवढं भाजायला काही मिनिटं लागतात, म्हणजे बाजूला व्हायला सवड मिळते. म्हणून तर इथे घरातला हीटर ४९ वर ठेवा असं सांगतात. आमच्या ट्रेलरच्या हीटरला मात्र तापमान बदलायची सोयच नव्हती. त्यावर एक स्टिकर होतं: पाणी गरम आहे, सांभाळून वापरा.

त्या स्टिकरवर माझा राग आहे.

हीटर एवढा कडक का ठेवतात तेही नंतर कळलं. टाकी जेमतेम ६ गॅलनची, म्हणजे २३ लिटर. ६० डिग्रीच्या पाण्यात १२ डिग्रीचं गार पाणी मिसळून अंघोळीजोगतं ४० डिग्रीचं केलं तर साधारण ३९ लिटर होतं. टाकीच ४९ वर ठेवली तर ३० लिटर. म्हणजे कारण अगदीच खोटं नाही. नवऱ्याचंही म्हणणं होतं, "हात लावून बघायचं आधी, एवढं काय?" पण आईने हात लावून बघितलंच होतं की! पाणी बदललं ते नंतर, आणि ते बदललं मी.

बादलीत विसण आधी पडतं आणि पाणी अंगावर नंतर येतं. शॉवरमध्ये हे मिसळणं अंगावर येता येताच चालू असतं, आणि त्यातलं गार पाणी घरातलं कोणीही पळवू शकतं. तिथे "सांभाळून" या शब्दाचा काय उपयोग? ज्याला चटका कळतो तोच सांभाळू शकतो. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी विसण यंत्रातच पडायला हवं.

असं यंत्र मिळतं. मिक्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात त्याला. हीटरमधून पाणी बाहेर पडतं तिथेच तो बसवतात. आत मेणाची एक डबी असते. पाणी जास्त गरम झालं की मेण फुगतं आणि गरम पाण्याची वाट आवळतं. चांगला व्हॉल्व्ह असेल तर गार पाणी बंद पडल्यावर गरमही जवळजवळ बंद होतं. टाकी ६० वरच राहते, नळाला मात्र आपण ठरवू तेवढंच येतं, त्यामुळे पाणीही कमी पडत नाही. आम्ही प्लंबरकडून बसवून घेतला. आईच्या पायांचा विचार करून तो ४३ वर ठेवलाय. थंडीआधी पाइपांसोबत त्यातलंही पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर गोठून फुटेल. आणि दर ट्रिपला मी थर्मामीटरने एकदा बघते, कारण यंत्रही बिघडतं.

नवीन घरांच्या शॉवरला अशी सोय इथले बांधकामाचे नियम सक्तीने करायला लावतात. मग चाकांवरच्या घराला स्टिकरवर का सोडायचं? त्यातही माणसंच अंघोळ करतात, आणि बऱ्याचदा आजी-आजोबा आणि नातवंडंच.

असो. पुढच्या उन्हाळ्यात आई परत येतेय. व्हॉल्व्हची सगळी गोष्ट मी तिला फोनवर रंगवून सांगितली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे विसणच की गं. एवढ्यासाठी प्लंबर?"