उसाला क्रमांक 'हंगामी', पाणी 'बारमाही'!

सोलापूर - शेतीचीही उद्योग म्हणून गणना करताना सरकार प्रत्येक पिकाला क्रमांक देते. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाने (२००८) दोनपेक्षा अधिक हंगाम टिकणारी पिके 'बहुवर्षायू' ठरवून ०१२ या गटात घातली. त्यात द्राक्षाला ०१२१ हा स्वतंत्र क्रमांक लाभला. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे. पण या चार अंकी यादीत त्याला स्वतःचे घर नाही.

खरी गफलत मात्र उसाची. तो ०११ या हंगामी पिकांच्या गटात, भात-ज्वारीच्या पंगतीला, ०११४ क्रमांकावर बसला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. पुढे खोडवा, मग निडवा. एकच लागण अशी तीन-साडेतीन वर्षे पाणी पिते!

पाटबंधारे खात्याच्या लेखी ऊस बारमाहीच. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने (२००५) अधिसूचित लाभक्षेत्रातील बारमाही पिकांना ठिबक वा तुषार सिंचनासारख्या पाणीबचतीच्या तंत्राची अट घातली. राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये ठिबक सक्तीचा निर्णय घेतला, तोही उसासाठीच.

उजनीच्या पाण्याचा हिशेब मांडणाऱ्याने दिल्लीच्या तक्त्यातील 'बहुवर्षायू' रकाना तेवढा वाचला, तर त्याला नान्नजची द्राक्षे आणि सांगोल्याची डाळिंबे दिसतील. जिल्ह्यातील सर्वांत तहानलेले पीक ज्वारीआड दडलेले राहील. पाणीवाटपासाठी हा तक्ता वापरायचाच, तर आधी ०११४ बाहेर काढून बारमाहीत मिळवावा लागेल.