समाधान कुणाला शिकवता?

२०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपलं सुरत इंदूरबरोबर पहिलं आलं. त्याच वर्षी डिसेंबरात डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. आणि जुलै २०२४ मध्ये रत्नकलाकारांच्या युनियनला आत्महत्या थांबवण्यासाठी हेल्पलाइन काढावी लागली.

आपण बायका मात्र म्हणतो, "सुख मानण्यात असतं गं!" घंटीवरचं काम गेलेल्याच्या बायकोला हे सांगायचं? अपरिग्रह तिजोरीवाल्यांनी पाळायचा; जिच्या मुलांची फी थकलीय, तिने नव्हे. अठ्ठाई मनोभावे करा, पण वरघोड्याचा खर्च निम्मा करून कारागिरांच्या मुलांची फी भरा. येत्या पर्युषणाआधी महिला मंडळात मी हे मांडणार आहे. तोंडं वाकडी होतील, होऊ देत.