फाईल मिळते, प्रतिपक्षाचं काय?

हैदराबादच्या दिलसुखनगरला कशाची शिकवणी मिळत नाही, हे शोधायलाच वेळ लागतो. मेट्रोच्या जिन्यावरून खाली उतरलं की राज्य लोकसेवेचे ग्रुप्स, बँक, पोलीस भरती, इंटर, स्पोकन इंग्लिश अशा क्लासांचे फलक एकमेकांच्या अंगावर चढलेले. पण शाळेत न जाता घरीच शिकणारी एखादी मुलगी ‘पॉलिसी डिबेट’च्या तयारीला लागली, तर तिच्यासाठी या गर्दीत पाटी नाही. ही स्पर्धा मूळची अमेरिकेतली. दोघांचा संघ, वर्षभर एकच विषय, आणि एका फेरीत बाजूने बोललात तर दुसऱ्या फेरीत विरोधात. आठ मिनिटं मांडणी, तीन मिनिटं उलटतपासणी, पाच मिनिटं खंडन. आपल्या वक्तृत्व स्पर्धेत ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ होईपर्यंत तिथला मुलगा पहिला पुरावा वाचून मोकळा झालेला असतो.

साहित्य कुठून आणायचं, यावर पालकांत दोन मतं दिसतात. पहिल्या मताचे लोक म्हणतात, चाक नव्याने कशाला शोधायचं? अमेरिकेत उन्हाळी शिबिरांत तयार झालेल्या पुराव्यांच्या फायली ‘ओपन एव्हिडन्स प्रोजेक्ट’वर फुकट मिळतात. घरी शिकणाऱ्या मुलांच्या तिथे एनसीएफसीए आणि स्टोआ अशा स्वतंत्र लीग आहेत. त्यांत पालकही परीक्षक म्हणून बसतात, त्यामुळे मिनिटाला तीनशे शब्दांचा भडिमार करून भागत नाही, सामान्य माणसाला पटवावं लागतं. हे सगळं खरं आहे, आणि पुरावा कसा बांधायचा हे शिकायला त्या फायली उत्तम आहेत: वर दाव्याची एक ओळ, खाली लेखक, त्याचा हुद्दा, साल, मग मूळ उतारा. पण विषय त्यांचा, संसद त्यांची. वॉशिंग्टनचा अर्थसंकल्प पाठ केलेल्या मुलीला आपल्या नळाला पाणी कुठून येतं ते ठाऊक नसेल, तर ती तयारी घोकंपट्टीच. नुसती इंग्रजीतली, एवढंच.

दुसरं मत घरच्या पुराव्यांचं. विधेयकांचे सारांश पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चकडे मिळतात. संसदेच्या स्थायी समित्यांचे अहवाल, कॅगचे अहवाल, खासदारांच्या प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली उत्तरं, घटना समितीतल्या चर्चा, सगळं खुलं आहे आणि फुकट आहे. माझा कल इकडे आहे. त्याला एक कारण हैदराबादच्या मराठी मुलांपुरतं खास आहे.

मेडिगड्ड्याचा बंधारा घ्या. तेलंगणाच्या कालेश्वरम उपसा सिंचन प्रकल्पातला हा गोदावरीवरचा बंधारा. एक काठ तेलंगणात, दुसरा गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात. २०१६च्या ऑगस्टमध्ये दोन राज्यांचा करार झाला, २०१९च्या जूनमध्ये उद्घाटन, आणि २१ ऑक्टोबर २०२३ला खांब खचले. खर्चाचा अंदाज सुमारे ८२ हजार कोटींचा होता, तो १ लाख ४७ हजार कोटींच्या वर जाईल असं कॅगने म्हटलं. अहवालाच्या हिशेबात एका रुपयामागे ५२ पैसेच परत येण्याची शक्यता. विरोधी बाजूला हा आकडा म्हणजे मेजवानीच. पण चांगली जोडी इथेच उलटतपासणीत विचारेल, की या हिशेबात पिण्याच्या पाण्याची किंमत कशी धरली? दुष्काळात उभं राहिलेलं पीक कुठे मोजलं? सिरोंच्यातल्या बुडालेल्या शेतांच्या बातम्या मराठीत, पाणी मिळालेल्या शेतकऱ्याची बाजू तेलुगूत. दोन्ही भाषा कानावर पडत वाढलेलं मूल हे दोन्ही कागद वाचू शकतं. ही सोय टेक्सासच्या कुठल्याच शिबिरात नाही.

तरीही साहित्याचा हा वाद मला दुय्यम वाटतो. घरी शिकणाऱ्या मुलाकडे वेळ असतो, वाचन असतं. नसतो तो समोर बसून खोडून काढणारा माणूस. आंतरशालेय स्पर्धेला शाळाच लागते, आणि एनआयओएस या मुक्त विद्यालयाकडून दहावी देता येते, वादविवादाचा संघ पाठवला जात नाही. ऑनलाइन सराव आहे, त्याने निम्मं काम होतं. बाकी निम्मं समोरासमोरच होतं. कागदावर उभे रकाने आखायचे, प्रतिपक्षाचा मुद्दा निळ्या शाईत, आपलं उत्तर शेजारी लाल शाईत. जिथे लाल रकाना रिकामा राहिला तिथे हार. आई समोर बसली तर ती दया दाखवते आणि रकाना भरल्यासारखा वाटतो.

खोडून काढायचं तर आधी ऐकावं लागतं, आणि ऐकून न घेण्याची सवय या शहरात महाग पडलेली आहे. १९२१च्या नोव्हेंबरमध्ये विवेकवर्धिनी या मराठी शिक्षणसंस्थेच्या सभागृहात महर्षी कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली होती. आलमपल्ली वेंकटरामाराव तेलुगूत बोलायला उठले आणि सभेने त्यांची हुर्यो उडवली. त्या अपमानातून तेलुगू भाषकांचा आंध्र जनसंघ उभा राहिला. सभा मराठी-उर्दू बोलणाऱ्यांची होती, हे आपण सहसा सांगत नाही.

प्रतिपक्ष दूर शोधायला नको. दिलसुखनगरच्या वसतिगृहांत ग्रुप-१ची तयारी करणारी मुलं आहेत. सरकारी योजना त्यांना तोंडपाठ, आणि निबंधाच्या पेपरसाठी दोन्ही बाजू मांडायचा सराव त्यांनाही हवाच असतो. चहा पाजला तर परीक्षक म्हणून येतील. दिलसुखनगरहून उस्मानिया मेडिकल कॉलेज हे मेट्रोचं पाचवं स्टेशन, तिथून अफजलगंजचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही लांब नाही. फुकटच्या फायली जरूर उतरवून घ्या, पण त्यांवर शिकवणीची फी भरू नका.

आणि शहरातल्या मराठी संस्थांना एक विनंती. रविवारी सकाळी दोन तास एक खोली उघडी ठेवा, शाळेचं पत्र मागू नका. पहिला विषय मेडिगड्ड्याचाच असू द्या, आणि सिरोंच्याची बाजू तेलुगू मुलांकडे द्या.