जलविद्युत प्रकल्पांची जनसुनावणी: अट पूर्ण, संवाद अपूर्ण

मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घेणे बंधनकारक आहे. मात्र प्रकल्पाची माहिती बाधितांना समजेल अशा भाषेत मिळाली नाही, तर ही सुनावणी केवळ उपचार ठरते. नर्मदेवरील बरगी धरणाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

१९९० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या मुख्य वीजगृहाची क्षमता ९० मेगावॅट आहे. धरणाचा उजवा कालवा जबलपूर जिल्ह्यातील पनागर, सिहोरा या भागांकडे जातो. लाभक्षेत्र खालच्या बाजूला असले, तरी त्याची किंमत वरच्या बाजूच्या मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतील गावांनी मोजली. १०१ गावे बाधित होतील, असा मूळ अंदाज होता. प्रत्यक्षात ही संख्या १६२ झाली. पुनर्वसनासाठी वसवलेल्या काही वस्त्यांमध्येही पाणी शिरले. त्या काळी जनसुनावणीची तरतूदच नव्हती. ती १९९७ मध्ये आली.

वीज कायदा, २००३ नुसार वीजनिर्मितीसाठी परवाना लागत नाही. ठरावीक खर्चापुढील जलविद्युत योजनांना केंद्रीय वीज प्राधिकरणाची सहमती लागते; पण तेथे भर नदीचा योग्य वापर आणि धरणाची सुरक्षितता यांवर असतो. त्यामुळे स्थानिकांना म्हणणे मांडण्याची मुख्य संधी पर्यावरण मंजुरीच्या टप्प्यावरच मिळते.

२००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना आणि स्थानिक भाषेतील सारांश आवश्यक आहे. परंतु शेकडो पानांचा मूळ अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो. सुनावणीला गणपूर्तीची अटही नाही.

२०२० मध्ये नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात ही मुदत २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. हा मसुदाही इंग्रजी व हिंदीतच उपलब्ध असल्याने आठव्या अनुसूचीतील भाषांत त्याचे भाषांतर करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला. तथापि, बरगीच्या विस्थापितांत मोठ्या संख्येने असलेल्या गोंड समाजाची गोंडी भाषा या अनुसूचीत नाही.

त्यामुळे केवळ मुदत वाढवून हा प्रश्न सुटणारा नाही. बुडणाऱ्या क्षेत्राचा नकाशा गावात लावणे, अहवाल ग्रामसभेत बोलीभाषेत समजावून सांगणे आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर देणे, ही कामे सुनावणीच्या आधी व नंतर व्हायला हवीत. बरगीत अंदाजाबाहेर राहिलेल्या ६१ गावांना असा नकाशा वेळीच पाहायला मिळाला असता, तर तो तपासण्याची संधी तरी मिळाली असती.